अपडाऊनवाल्यांचं पाणी कुणाच्या खात्यात? सोलापूर धरून हिशोब कसा करायचा

आमच्या ऑफिसात मोहोळहून अपडाऊन करणारा एकजण आहे, तो संध्याकाळी निघताना फिल्टरमधून पाच लिटरचा कॅन भरून नेतो, आणि उलट जुळे सोलापूरची एक मॅडम आहे, तिच्याकडे पाणी यायचा दिवस असला की ती अर्धा दिवस रजा टाकते कारण घरी मोटर लावायला कुणी नसतं. या दोघांकडे बघूनच माझ्या डोक्यात हा किडा शिरला. पाण्याचं सगळं वाटप माणूस झोपतो कुठं यावर ठरतं, पण माणूस दिवसभर असतो कुठं हे कुणी विचारतच नाही. मग शहरं-शहरं, गावं-गावं एकाच धरणातून पाणी घेताना अपडाऊनचा आकडा त्यात कसा बसवायचा? मी स्वतः कागद-पेन घेऊन बसलो, दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जरा जमलं, ते सांगतो. तुमच्या गावालाही लागू होईल, फक्त नावं बदला.

आधी नकाशा काढा, तोही पाइपचा. जिल्ह्याच्या हद्दीचा नको. सोलापूर शहराला पाणी तीन ठिकाणाहून येतं. उजनी धरणावरून थेट जलवाहिनी, तिचं पाणी पाकणीला शुद्ध होतं. दुसरं भीमा नदीतून, म्हणजे उजनीतून नदीत सोडलेलं पाणी औज-चिंचपूर बंधाऱ्यात अडवून टाकळीवरून उचलायचं, ते सोरेगावला येतं. तिसरा हिप्परग्याचा एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळातला, त्याचं पाणी भवानी पेठेत. आणि त्याच उजनीवर धाराशिव शहर आहे, बार्शी आहे, नदीकाठचं पंढरपूर आहे, वर शेती आणि साखर कारखाने आहेतच. आता नकाशावर बघा कुठली दोन गावं एकाच पाइपवर किंवा एकाच नदीच्या टप्प्यावर आहेत. वाटून घेणं फक्त तिथंच शक्य आहे. अक्कलकोटहून रोज कितीही माणसं सोलापूरला येऊ देत, अक्कलकोटचं पाणी कुरनूर धरणाचं, बोरी नदीचं, ते काय एसटीत बसून माणसाबरोबर येणार नाही. तिथं अपडाऊनचा आकडा काढून उपयोग शून्य असं मी म्हणत नाही, पण वाटपाच्या टेबलावर तो आकडा ठेवू नका, लोक हसतील.

आता माणसं मोजायची. सरकारी आकडा हवा असेल तर जनगणनेत बी-२८ नावाचा तक्ता असतो, त्यात कामाला जाणारे किती किलोमीटर जातात आणि कशाने जातात, पायी, सायकल, मोटरसायकल, बस, रेल्वे, असं सगळं दिलंय. चांगला तक्ता आहे, पण त्याच्यात तीन भोकं आहेत. एक, तो फक्त 'इतर कामगार' मोजतो, म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले त्यात नाहीत. सोलापुरात हे भारी पडतं, कारण घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका किती आहेत ते आपल्याला माहितीय, त्या पानं-तंबाखू घरी आणून दिवसभर घरीच असतात, म्हणजे त्यांचं पाणी पूर्ण घरच्याच खात्यात, एक लिटरही हलत नाही. दोन, तो माणूस कुठून निघतो ते सांगतो, पोचतो कुठं ते नाही. जिल्ह्यातले इतके जण ३१ ते ५० किलोमीटर जातात हे कळतं, ते सोलापूरला जातात का पंढरपूरला ते तुम्ही ओळखायचं. तीन, तो २०११ चा आहे. पुढची जनगणना २०२७ ची, तिचे तक्ते हातात येईस्तोवर आपल्याला स्वतःच मोजायला लागणार.

स्वतः मोजणं वाटतं तेवढं अवघड नाही. एसटीच्या डेपोत मासिक पास आणि विद्यार्थ्यांचे पास टप्प्यानुसार नोंदलेले असतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बसमधली गर्दीच बदलली, आणि तिकिटाच्या मशिनमध्ये ते अर्धं तिकीट वेगळं नोंदलं जातं, म्हणजे बायका किती येतात हेही निघतं, आणि पाण्याच्या हिशोबात ते महत्त्वाचं का ते पुढं सांगतो. रेल्वेचे सीझन पास स्टेशनच्या जोडीनुसार असतात, कुर्डुवाडी-सोलापूर, मोहोळ-सोलापूर, दुधनी-सोलापूर असं. हे सगळं माहितीच्या अधिकारात मागता येतं, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. अर्जात 'प्रवासी वाहतुकीची माहिती द्या' असं मोघम लिहू नका, 'अमुक महिन्यात अमुक स्टेशन ते सोलापूर किती मासिक पास विकले' असं नेमकं विचारा, नाहीतर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही असं एका ओळीचं उत्तर येतं. मला आलंय.

पासवाले सोडून उरतात मोटरसायकलवाले, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त. त्यांच्यासाठी सकाळी साडेसात ते साडेदहा रस्त्यावर उभं राहायला लागतं. पुणे नाका, अक्कलकोट रोड, विजापूर रोड, तुळजापूर रोड, होटगी रोड, प्रत्येक ठिकाणी दोन पोरं आणि एक वही. आत येणारे आणि बाहेर जाणारे दोन्ही मोजा, कारण चिंचोळी एमआयडीसी मोहोळ तालुक्यात आहे आणि सकाळी सोलापुरातून तिकडं जाणारेही बरेच असतात. बाहेर जाणारे वजा केले नाहीत तर आकडा फुगतो. कधी मोजायचं? दिवाळी, मे महिना, गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आषाढी हे सोडून एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी. कांद्याचा सीझन म्हणजे डिसेंबर-जानेवारी पण टाळा, तेव्हा मार्केट यार्डाकडं ट्रकांची रांग आणि शेतकरी रात्री मुक्कामालाच असतो, तो वेगळा हिशोब.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती जागा. माणसाचं पाणी लिटरमध्ये कसं बदलायचं. मी पहिल्यांदा काय केलं, शहरासाठी माणशी १३५ लिटर धरतात ना, गटार असलेल्या शहराचा तो नियम आहे, तर मोहोळमधून १३५ वजा केले आणि सोलापुरात १३५ मिळवले. तद्दन चूक. माणूस अंघोळ घरी करतो, कपडे घरी धुतो, स्वयंपाक घरी होतो, भांडी घरी. तो ऑफिसात काय करतो? संडास-मुतारी, हातपाय धुणं, चहा, जेवणाचा डबा धुणं. भारतीय मानकांत ऑफिससाठी माणशी ४५ लिटर धरलेत, दिवसाच्या शाळेलाही ४५, बाथरूम नसलेल्या कारखान्याला ३०, हॉटेलात खाण्याच्या एका सीटला ७०, हॉस्पिटलला खाटेमागं ३४० ते ४५०. म्हणजे ज्या ठिकाणी जातो त्या ठिकाणचा आकडा मिळवायचा. आणि ज्या गावाहून निघाला तिथं फार तर वीसएक लिटर कमी होतात, ते पण मी अंदाजानंच धरतो कारण घरची टाकी माणूस असो नसो भरलीच जाते. यात बायकांचं वेगळं का म्हणालो, तर घरची बाई कामाला बाहेर पडली की धुणं-भांडी दिवसाऐवजी पहाटे किंवा रात्री होतं, पाणी कमी होत नाही, फक्त वेळ सरकते. चार-पाच दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात वेळ सरकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते सोलापूरकरांना सांगायला नको.

अजून एक, पिण्याचं पाणी बऱ्याच ऑफिसांत वीस लिटरच्या जारचं असतं, म्हणजे कुठल्यातरी बोअरचं. ते नळाच्या खात्यात धरू नका.

चला आकडे टाकून बघू. समजा रोज चाळीस हजार माणसं बाहेरून सोलापुरात येतात (हा आकडा फक्त उदाहरणाला, मोजणी तुमची तुम्ही करा). चाळीस हजार गुणिले ४५ म्हणजे १८ लाख लिटर, म्हणजे १.८ एमएलडी (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर). शहराची लोकसंख्या २०११ ला ९,५१,५५८, तिला १३५ ने गुणलं की साधारण १२८ एमएलडी. म्हणजे अपडाऊनवाल्यांचा वाटा दीड टक्का पण नाही. धरणाच्या भाषेत तर काहीच नाही, एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, १८ लाख लिटर रोज असं वर्षभर धरलं तरी टीएमसीचा चाळिसावा हिस्सा भरत नाही. इथं बरेच लोक वही मिटतात.

मिटू नका. २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे, जलदूत एक्सप्रेस, गेली होती ती आठवा, मिरजेहून निघून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत आपल्याच जिल्ह्यातून जायची. त्याआधी लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावायची वेळ आली होती. पहिल्या फेऱ्या दहा वाघिणींच्या, पाच लाख लिटरच्या, नंतर पन्नास वाघिणी, २५ लाख लिटर. म्हणजे आपले हे १८ लाख लिटर म्हणजे पाऊण जलदूत एक्सप्रेस, रोज. टीएमसीत मोजलं की धूळ, एमएलडीत मोजलं की रेल्वे. धरणात पाणी आहे का हा प्रश्न अपडाऊनच्या आकड्यानं सुटत नाही, पाइपात आणि टाकीत कुठल्या वेळी किती लागतं हा सुटतो. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

आणि तोच आकडा छोट्या गावाच्या बाजूने बघा. समजा तीस हजार वस्तीचं गाव, माणशी ७० लिटरनं २१ लाख लिटर रोजचं. त्यातले सहा हजार जण शहरात जातात, माणशी वीस लिटरनं एक लाख वीस हजार लिटर वाचले, म्हणजे शंभरातले सहा. शहराला ज्याची गणतीही नाही ते गावाला सहा टक्के. म्हणून वाटपाच्या मीटिंगमध्ये शहरवाल्यांनी 'तुमची माणसं दिवसभर आमच्याकडंच असतात, तुमचं पाणी कमी करा' म्हटलं की गावाला ते लागतं, आणि माझ्या मते शहराने ते म्हणूच नये. दीड टक्क्यासाठी गावाचे सहा टक्के कापायचे हा कुठला न्याय.

आता खरी मोठी गोष्ट, जी मला हिशोब करताना अचानक सापडली. कुंभारीचं रे नगर. असंघटित कामगारांची ३० हजार घरांची वसाहत, जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५ हजार घरांचं वाटप पंतप्रधानांच्या हस्ते झालं. लोक राहायला गेले दक्षिण सोलापूर तालुक्यात, काम मात्र बहुतेकांचं शहरातच, लूमवर, मार्केटात, घरकामाला. घरं सगळी भरली आणि घरटी चारच माणसं धरली तरी एक लाख वीस हजार. ही माणसं ग्रामपंचायतीची म्हणून मोजली तर जलजीवनच्या नियमानं माणशी ५५ लिटर, म्हणजे ६६ लाख. शहराची म्हणून मोजली तर १३५ नं एक कोटी ६२ लाख. फरक ९६ लाख लिटर रोजचा! जवळपास चार जलदूत. कुटुंब तेच, मजुरी तीच, रोजची रिक्षा तीच, फक्त दहा-बारा किलोमीटर सरकलं की कागदावरचं पाणी निम्म्याहून कमी. आपण मघापासून ४५ लिटर आणि २० लिटरवर डोकं फोडतोय आणि इथं एका शिक्क्यानं कोटीभर लिटर इकडचं तिकडं होतंय.

तर अपडाऊनच्या आकड्याचा सगळ्यात चांगला उपयोग हा. लिटरची वजाबाकी-बेरीज हे दुय्यम, कुठली वस्ती खरं म्हणजे शहराचाच भाग आहे ते तो आकडा सांगतो. मी साधा नियम लावतो, एखाद्या वस्तीतल्या कमावत्या माणसांपैकी निम्मे रोज शहरात जात असतील तर पाण्याच्या कामापुरतं ती वस्ती शहरातच धरायची, हद्द कुठलीही असो. निम्मेच का, तिसरा हिस्सा का नाही? असं म्हणाल तर माझ्याकडं त्याला शास्त्र नाही, तुम्ही तिसरा हिस्सा धरा, पण सगळ्या वस्त्यांना एकच धरा, आपल्या गावाला वेगळा आणि शेजारच्याला वेगळा असं नको.

वेळेचा हिशोब पण करून टाका, तो फुकटचा फायदा आहे. ज्या भागातून लोक सकाळी सातलाच एमआयडीसीत जातात तिथं नऊला पाणी सोडलं तर काय होतं? चावीवाला व्हॉल्व्ह उघडून जातो, घरात म्हातारी एकटी, टाकी भरून वाहतेय आणि पाणी रस्त्यावर. तेच पाणी पहाटे पाचला सोडलं तर सगळे घरी. रस्त्यावर मोजलेल्या वहीत माणूस किती वाजता निघाला हे असतंच, ते झोननुसार मांडा आणि शेजारी पाणी सोडायच्या वेळा लिहा. हे घेऊन गेलं की कुणी नाही म्हणत नाही, कारण यात कुणाचंच पाणी कमी होत नाही. रजा वाचते ती वेगळी.

यात्रेचं मात्र स्वतंत्र पान करा, रोजच्या अपडाऊनमध्ये मिसळू नका. पंढरपूरची लोकसंख्या २०११ ला ९८,९२३, म्हणजे १३५ नं सव्वा-साडेतेरा एमएलडी. आषाढीला दहा लाख जरी धरले, आणि दिवसभर येऊन जाणाऱ्याला १५ लिटर, मुक्कामाला अंघोळ करणाऱ्याला ४५, तर १५ ते ४५ एमएलडी होतात. गावाच्या रोजच्या गरजेच्या एक ते तीन पट, तेही जून-जुलैत, म्हणजे उजनी तळाला असते तेव्हा. वर चंद्रभागेच्या स्नानाचं पाणी नदीतच लागतं, ते वेगळं. तुळजापूरचं नवरात्र, अक्कलकोटचा गुरुवार, आपला गड्डा, प्रत्येकाला एकेक ओळ पुरे, पण पंढरपूरला पूर्ण पान द्या.

पुण्याचं काय करायचं हा प्रश्न मला प्रत्येकजण विचारतो कारण प्रत्येकाच्या घरचं एकजण तरी पुण्यात आहे. रेशनकार्डावर सोलापूर, मतदान सोलापूर, पाणी वापरतोय हिंजवडीत, महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसनं येतो. त्याला सोलापुरातून वजा करा, पण एक गंमत आहे, पुण्यात वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीतच येतं. पोरगं तिकडं अंघोळ करतंय आणि आई-बाप इकडं तेच पाणी, पाकणीला शुद्ध केलेलं का होईना, पितायत. म्हणून पुण्याशी वाटप बोलताना लिटरइतकंच पाणी कसल्या अवस्थेत खाली येतं ते बोला.

शेवटी मांडायचं कुठं आणि कधी. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या मध्याला धरणात किती साठा आहे त्यावर पिण्याच्या पाण्याचं आरक्षण ठरतं, मग कालवा सल्लागार समितीत आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या, ठरतात. म्हणजे तुमची वही सप्टेंबरअखेर तयार पाहिजे, मार्चमध्ये टँकर सुरू झाल्यावर नेलीत तर चहा पाजून परत पाठवतील. उजनीचा आकडा बोलताना एक लक्षात ठेवा, १०० टक्के म्हणजे फक्त उपयुक्त साठा, ५३.५७ टीएमसी. त्याच्या खाली मृतसाठा ६३.६६ टीएमसी आहे, म्हणून पेपरात 'उजनी उणे ५०' असं येतं, २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. उणे म्हणजे धरण कोरडं नाही, पण ते पाणी शेतीच्या हिशोबात धरलेलं नसतं, आणि पातळी फार खाली गेली की पाइपलाइनला जादा पंप लावून उचलायला लागतं. वाटपाची खरी परीक्षा उणेत असते. मी तिथं असा क्रम सुचवतो: आधी सगळ्यांना, शहर असो का खेडं, झोपतो तिथं माणशी ५५ लिटर. ते झालं की दवाखाने, शाळा, आणि दिवसभर माणसं असतात त्या जागा, इथं अपडाऊनचे १८ लाख लिटर येतात. उरलेलं लोकसंख्येच्या प्रमाणात. आणि नदीतून सोडायचं पाणी शक्य तितकं कमी, पाइपनं जास्त, कारण औजपर्यंत पोचायला आठवड्याच्या वर जातो आणि वाटेत किती जिरतं, किती मोटरी लागतात ते नदीकाठी फिरून बघा.

मीटिंगला जाताना तीन कागद पुरतात: पाइपचा नकाशा, वस्तीनिहाय 'किती जण शहरात जातात' आणि झोननुसार वेळा. एक्सेलची वीस पानं नेऊ नका, मी नेली होती, साहेबांनी पहिलं पान उलटलं आणि विचारलं, तुमच्याकडं पाणी कधी येतं? म्हटलं उद्या. म्हणाले, मग उद्या सुट्टी टाकली असेल.

टाकली होती.